पर्यटनाच्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी : पाठ्यक्रमाच्या आखणीचा विचार

विद्यापीठांतील पर्यटनविषयक पाठ्यक्रमांत इंग्रजीला स्थान असावे, याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो हे इंग्रजी कोणते असावे, याविषयी. निबंध, पत्रलेखन आणि व्याकरणाची उजळणी एवढ्यावरच बेतलेला पाठ्यक्रम पुरा करून विद्यार्थी उत्तीर्ण होऊ शकतो. परंतु लेण्यांच्या पायथ्याशी परदेशी प्रवाशाने प्रश्न विचारताच तो निरुत्तर होतो. स्थळाचा इतिहास त्याला मातृभाषेत अवगत असतो, म्हणून हे मौन अधिकच खटकते. त्याची उपजीविका तर अशाच क्षणांवर अवलंबून असते. या मौनाचे मूळ बहुतांशी पाठ्यक्रमाच्या आखणीत आहे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

विशिष्ट प्रयोजनासाठी भाषा शिकविताना प्रथम गरजांचा शोध घ्यावा, हा विचार जॉन मन्बी यांनी १९७८ मध्ये ‘कम्युनिकेटिव्ह सिलॅबस डिझाइन’ या ग्रंथात तपशीलवार मांडला. पुढे १९८७ मध्ये टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी गरजेची तीन अंगे वेगळी केली : कामासाठी जे यावयास हवे ते, विद्यार्थ्याजवळ आज जे नाही ते, आणि त्याला स्वतःला जे शिकावेसे वाटते ते. ही तिन्ही एकमेकांशी जुळतीलच असे नाही. विद्यार्थ्याला अस्खलित भाषणाची हौस असते. कामाला मात्र लक्षपूर्वक ऐकण्याची तयारी अधिक लागते. शिवाय जपानी वा फ्रेंच प्रवाशाचीही इंग्रजी ही मातृभाषा नसते. तेव्हा भिन्न उच्चारांचे इंग्रजी समजणे आणि आपले म्हणणे सोप्या वाक्यांत सांगणे, या गोष्टी अलंकारिक शैलीपेक्षा मोलाच्या ठरतात.

यास्तव व्याकरणाचा नियम नव्हे, तर कामातील प्रसंग हा पाठाचा घटक असावा. उदाहरणार्थ, अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. सोमवारी सकाळी अजिंठ्यास निघालेल्या प्रवाशाला हे सांगताना विद्यार्थ्याला नकार सौम्य करावा लागतो, कारण द्यावे लागते, त्या दिवसापुरता वेरूळचा पर्याय सुचवावा लागतो आणि मंगळवारचा कार्यक्रम नव्याने आखावा लागतो. भविष्यकाळ, संकेतार्थ, तुलना ही व्याकरणातील प्रकरणे येथेही येतात. फरक इतकाच, की ती प्रयोजनासह येतात.

सौजन्याचा प्रश्न विशेष विचारात घ्यावयास हवा. ‘आपण येथे थांबावे’ या मराठी वाक्यात आदर सर्वनामात आणि क्रियापदाच्या रूपात सामावलेला आहे. हिंदीतील ‘आप’ आणि तमिळमधील ‘नींगळ्’ हेच कार्य करतात. इंग्रजीत मात्र सर्वांना ‘यू’ हे एकच सर्वनाम लागते. आदर व्यक्त होतो तो मुख्यतः प्रश्नार्थक रचनेतून. त्यामुळे ‘यू वेट हिअर’ असे शब्दशः भाषांतर करणारा विद्यार्थी मनाने नम्र असूनही हुकूम सोडल्यासारखा वाटतो. ‘कुड यू प्लीज वेट हिअर’ ही रचना पाठ करून घेणे पुरेसे नाही. दोन भाषांतील हा भेद त्याला समजावून द्यावयास हवा, आणि त्यासाठी वर्गात मातृभाषेचा आधार घेणे योग्यच होय.

तिसरा प्रश्न सांस्कृतिक संज्ञांचा. चैत्य, विहार यांसारख्या शब्दांना एकेक इंग्रजी प्रतिशब्द देऊन भागत नाही. मूळ शब्द उच्चारावा, त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा आणि समोरील वास्तूकडे निर्देश करावा, ही रीत अधिक उपयुक्त आहे. अजिंठ्याचे एकोणिसावे लेणे दाखविताना ‘चैत्य म्हणजे स्तूप असलेले उपासनागृह’ आणि पहिले दाखविताना ‘विहार म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान’ एवढे सांगितले तरी प्रवाशाला दोहोंतील भेद कळतो. अशा पाठांची सामग्री इंग्रजीच्या व इतिहासाच्या अध्यापकांनी एकत्र बसून सिद्ध करावी.

या सर्व प्रयत्नांचे यश अखेर परीक्षेवर अवलंबून आहे. प्रसंगनिष्ठ अध्यापन करून शेवटी केवळ तीन तासांची लेखी प्रश्नपत्रिका दिली, तर विद्यार्थी प्रसंग सोडून प्रश्नपत्रिकेचीच तयारी करणार, हे उघड आहे. म्हणून श्रवण, संवाद आणि प्रत्यक्ष स्थळदर्शन यांना गुणांत भरीव वाटा द्यावयास हवा. तसे झाले तरच मातृभाषेत मिळविलेले ज्ञान दुसऱ्या भाषेत प्रवाशापर्यंत पोहोचविण्याचे सामर्थ्य विद्यार्थ्याच्या अंगी येईल.