डिस्क १०० टक्के भरली! आता काय डिलीट करू?

आज बोलूया डेटाबेस सर्व्हरची डिस्क भरण्याबद्दल. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच.

माझ्यावर आली तेव्हा मी नोकरीत अगदी नवीन होतो. रात्री दोनला फोन वाजला. पोस्टग्रेस बंद, म्हणून ॲपही बंद. डीएफ कमांड चालवली, तर डिस्क १०० टक्के. डीयूने शोधलं, तर बहुतेक जागा एकाच फोल्डरने खाल्लेली. त्याचं नाव पीजी_एक्सलॉग. नावात 'लॉग' आहे म्हणजे जुने लॉगच असणार, उडवून टाकू! आरएम टाइपसुद्धा केलं. एंटर दाबण्याआधी सहज सीनियरना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "आधी कीबोर्डवरून हात काढ."

का? कारण ते साधे लॉग नव्हतेच. वाणी कसा, प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग सवडीने खतावणीत उतरवतो. पोस्टग्रेसही तेच करतं. बदल आधी या फोल्डरमधल्या १६ एमबीच्या फाइलींत, मग मूळ टेबलांत. खतावणी व्हायच्या आत रोजकीर्दीची पानं फाडली, तर हिशेब कायमचा गेला. अनेकांनी खरोखरच ती फाडली, म्हणून २०१७ साली आवृत्ती १० मध्ये या फोल्डरचं नाव बदलून पीजी_वॉल केलं गेलं.

मग पानं साठली का? आम्ही एक रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसरी प्रत, बंद केली होती. पण तिचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला होता. स्लॉट म्हणजे मुख्य सर्व्हरने दिलेला शब्द: "तू नक्कल करून घेईपर्यंत एकही पान टाकणार नाही." नक्कल करणारा निघून गेला, सर्व्हर मात्र शब्द पाळत बसला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हा क्रम लक्षात ठेवा.

आधी थोडी जागा करा. क्लाउडवर असाल तर डिस्क वाढवा. नाहीतर त्याच डिस्कवर पडलेले जुने बॅकअप दुसरीकडे हलवा. पीजी_वॉलला हात लावू नका.

सर्व्हर सुरू झाला की पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स बघा. बंद पडलेला स्लॉट दिसला, तर ती रेप्लिका परत येणार नाही ना, हे टीममध्ये विचारून खात्री करा. मगच पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट वापरा. पुढच्या चेकपॉइंटनंतर पोस्टग्रेस नको असलेल्या फाइली स्वतःच काढतं.

स्लॉट ठीक असतील तर पीजी_स्टॅट_आर्काइव्हर तपासा. आर्काइव्हिंग अडकलं असेल तरी फाइली साठतात.

पुन्हा असं होऊ नये म्हणून आवृत्ती १३ पासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइज ही सेटिंग आहे. मूळात तिला मर्यादा नसते, ती आपणच घालायची. मर्यादा ओलांडली तर मागे पडलेली रेप्लिका नव्याने उभी करावी लागेल, पण मुख्य डेटाबेस चालू राहील. आणि ८० टक्क्यांवर अलर्ट लावाच.

त्या रात्री आमचं ॲप दीड तास बंद होतं. सकाळी बोलणी खाल्ली, पण डेटा एक ओळही गेला नाही. बंद पडलेला सर्व्हर परत सुरू करता येतो हो, पुसलेली रोजकीर्द परत लिहिता येत नाही.

भेटूया पुढच्या भागात!