टीव्हीवर काय लागलंय?

मराठीत टीव्हीबद्दल विचारायचे दोन प्रश्न आहेत. ‘काय लागलंय?’ आणि ‘काय लावू?’ पहिल्या प्रश्नात काहीतरी आधीच सुरू असतं, आपण फक्त जाऊन बसायचं. दुसऱ्यात कुणीतरी ठरवायचं, शोधायचं, बटणं दाबायची आणि बाकीच्यांना आवडलं नाही तर बोलणीही खायची. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्यावर येऊन पोचलो.

स्ट्रीमिंग बॉक्सकडून लोकांना काय हवं असतं, असं विचारलं की चित्र फोर-के आहे का, मेमरी किती, अ‍ॅप्स किती चालतात, अशी उत्तरं येतात. ती खोटी नाहीत. पण मला वाटतं, बहुतेक माणसांना दिवसातला बहुतेक वेळ ‘लागलंय’ एवढंच हवं असतं, आणि बॉक्स विकणाऱ्यांना नेमकं तेच द्यायला परवडत नाही.

हे फार स्पष्ट दिसतं ते अल्फारेटासारख्या गावात. अटलांटाच्या उत्तरेला जीए-४०० हायवेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं हे गाव, शेजारी जॉन्स क्रीक आणि कमिंग, सगळीकडे भारतीय आयटीवाल्यांची घरं. अटलांटाची मार्टा ट्रेन नॉर्थ स्प्रिंग्जला संपते, ती इथवर येत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा सकाळी बिग क्रीक ग्रीनवेवर किंवा कॉलनीतच एक चक्कर मारतात. मग मुलगा-सून कामात, नातवंडं शाळेत, आणि गाडी चालवत नसाल तर दुकानसुद्धा लांबच. उरलेल्या दिवसाचा मोठा भाग म्हणजे टीव्ही. आणि नेमका तोच त्यांना स्वतःहून लावता येत नाही. पुण्याच्या बँकेत तीस वर्षं लोकांचे हिशोब तपासलेली बाई दुपारी मुलाला ऑफिसात फोन करून म्हणते, “अरे, हे ‘नो सिग्नल’ म्हणतंय, मी काही केलं नाही हं!”

‘वय झालं, टेक्नॉलॉजी जमत नाही’ म्हणून हे सोडून देणं सोपं आहे. पण याच लोकांनी भारतात सेट-टॉप बॉक्स बिनतक्रार पचवला होता. मुंबईत २०१२च्या ऑक्टोबरअखेर साधी अ‍ॅनालॉग केबल बंद झाली आणि बॉक्स सक्तीचा झाला. पुणे, नागपूर, नाशिक यांच्यासाठी मुदत होती ३१ मार्च २०१३. पुढे २०१९ मध्ये ट्रायनं एकेक चॅनेल निवडून पैसे भरायची पद्धत आणली, तेव्हा महिन्याच्या बिलाचं गणितही याच मंडळींनी कागदावर मांडलं. मग अल्फारेटात येऊनच त्यांचं घोडं कुठे अडतं?

माझ्या मते अडतं ते चॅनेलच्या नंबरापाशी. भारतातल्या बॉक्सनं नंबर तसाच ठेवला होता. नंबर हा पत्ता असतो. कालचा आज बदलत नाही, फोनवर बहिणीला सांगता येतो, आणि महिनाभरात बोटांना पाठ होतो. बॉक्स चालू केला की आधीचंच चॅनेल समोर येतं आणि वर-खाली बटणानं शेजारच्या चॅनेलवर डोकावता येतं. स्ट्रीमिंग बॉक्समध्ये पत्ता नसतो, वाट असते: होम, मग अ‍ॅप, मग ‘कोण बघतंय?’ असं विचारणारं प्रोफाइल, मग शोध, मालिका, सीझन, भाग. ही वाट पाठ करावी म्हटलं तर तीही रोज थोडी सरकते, कारण पडद्यावरच्या रांगा बॉक्सला वाटेल तशा बदलत राहतात. रोज सकाळी दुकानांची जागा बदलणाऱ्या बाजारात तुम्ही तरी भाजी कशी आणाल?

त्यातून नाव टाइप करायचं म्हटलं तर आणखी पंचाईत. ‘तुझ्यात जीव रंगला’ रोमन अक्षरांत कसं लिहायचं? ‘झ्या’साठी जे-एच की नुसता झेड? ‘जीव’मध्ये दोन ई की एक आय? पडद्यावरच्या कीबोर्डवर बाणानं एकेक अक्षर गाठत हे प्रयोग करायचे. नेटफ्लिक्सच्या दोन संशोधकांनी, गोमेझ-उरिबे आणि हंट यांनी, २०१५च्या एका लेखात लिहिलं होतं की साधारण ६० ते ९० सेकंद शोधून काही सापडलं नाही की प्रेक्षकाचा रस संपतो. तेवढ्या वेळात तो दहा-वीस शीर्षकं पाहतो, त्यातली फार तर तीन नीट. हा हिशोब सराईत माणसाचा आहे. आईची ९० सेकंदं तर टीव्हीचा रिमोट कुठला आणि बॉक्सचा कुठला यातच जातात.

मग बॉक्स असा का? याचं उत्तर ‘गिऱ्हाईक कोण’ या प्रश्नात आहे. गंमत म्हणजे ते उत्तर अल्फारेटाच्या आसपासच सापडतं, कारण अमेरिकेतले केबलचे बॉक्स बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या याच पट्ट्यातल्या. सायंटिफिक अटलांटा १९५१ मध्ये जॉर्जिया टेकशी संबंधित मंडळींनी सुरू केली. पुढे तिचं मुख्यालय लॉरेन्सव्हिलला होतं, अल्फारेटाहून गाडीनं अर्धा-पाऊण तास. २००५ मध्ये सिस्कोनं ती ६.९ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. दुसरी अ‍ॅरिस, स्वानीची. तिनं २०१३ मध्ये गूगलकडून मोटोरोलाचा सेट-टॉप बॉक्सचा धंदा विकत घेतला. या कंपन्यांचं गिऱ्हाईक होतं केबल कंपनी. प्रेक्षक फक्त भाडं भरायचा. २०१५ मध्ये दोन अमेरिकी सिनेटरांनी केलेल्या चौकशीत दिसलं की जवळजवळ सगळेच ग्राहक बॉक्स भाड्यानं घेतात आणि एका घराचे वर्षाला सरासरी २३१ डॉलर त्यात जातात. हा बॉक्स खुल्या बाजारात आणायचा एफसीसीचा प्रस्ताव २०१६ मध्ये मतदानाच्या दिवशीच बारगळला.

तोवर वेगळाच पर्याय आला होता. मे २००८ मध्ये रोकूनं शंभर डॉलरला एक छोटा बॉक्स काढला. त्यावर फक्त नेटफ्लिक्स चालायचं. एकदा घ्या, भाडं नाही. लोक खूश झाले, आणि का होऊ नयेत! पुढे २०१३ मध्ये ३५ डॉलरचं क्रोमकास्ट आलं, २०१४ मध्ये ॲमेझॉनची फायरस्टिक. किमती उतरत गेल्या आणि गिऱ्हाईक पुन्हा बदललं. २०२४ मध्ये रोकूची कमाई चार अब्ज डॉलरच्या पुढे होती, त्यातले साडेतीन अब्जांच्या आसपास जाहिराती आणि वर्गण्यांतला वाटा अशा मार्गानं आलेले. उपकरणं कंपनी तोटा सोसून विकते. म्हणजे बॉक्स हे दुकान आणि होम स्क्रीन ही त्याची शोकेस. रिमोटवर नंबर नसतात, पण नेटफ्लिक्सचं बटण असतं, कारण त्या जागेचे पैसे मिळतात. तुम्ही थेट तुमच्या मालिकेवर पोचलात तर शोकेससमोरून कुणी गेलंच नाही. त्यामुळे तुम्ही जरा रेंगाळावं, हे बॉक्सच्या हिताचं असतं. (ॲपलचा बॉक्स बराच शांत वाटतो तो यामुळेच: तो महाग आहे, कंपनीनं पैसे आधीच घेतलेत.) काही टीव्ही तर पडद्यावर काय चाललंय तेही टिपून ठेवतात. व्हिझिओनं १ कोटी १० लाख टीव्हींवरून परवानगी न घेता अशी माहिती गोळा केली, आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

सोप्या वाटणाऱ्या दुसऱ्या एका मागणीचंही असंच होतं: ‘लाइव्ह’ म्हणजे खरंच लाइव्ह. ६ जून २०२४ ला डॅलसजवळ अमेरिकेनं पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर टाकली मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रावळकरनं. मॅच अमेरिकेत, आणि तरी इथे स्ट्रीमिंगवर बघणाऱ्याला निकाल मुंबईच्या काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आधी कळू शकतो. दोष अंतराचा नसतो. भारतातल्या डीटीएचचा सिग्नल ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे जाऊन पाव सेकंदात खाली येतो. स्ट्रीमिंगमध्ये मात्र चित्राचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे केले जातात, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जात तयार करून सर्व्हरवर ठेवला जातो, आणि तुमचा बॉक्स मध्येच अडखळायला नको म्हणून दोन-तीन तुकडे हाताशी जमवून मगच दाखवायला लागतो. सगळं धरून अर्धा मिनिट सहज मागे पडतं. साठा कमी केला तर गोल चक्र फिरायला लागतं. मालिकेला हा उशीर कळतही नाही, क्रिकेटला जिव्हारी लागतो.

मराठी घरांना काय हवं याचा अंदाज ज्यांना आधी आला, त्यांत अटलांटाचीच एक कंपनी होती. उदय रेड्डींनी २००६ मध्ये सुरू केलेली युपटीव्ही. तिनं भारतातली चॅनेलं आहेत तशी, चालू अवस्थेत, इंटरनेटवरून दाखवली आणि होऊन गेलेले कार्यक्रम मागे जाऊन बघायची सोय दिली. या दोन्हींची जोडी महत्त्वाची, कारण इथे घड्याळ आडवं येतं. भारतात रात्री आठला लागणारी मालिका अल्फारेटात उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेनऊला लागते. आई-बाबांना ही वेळ फारच सोयीची: पोहे झाले, घर रिकामं, मालिका सुरू. नोव्हेंबरात घड्याळं बदलतात तेव्हा मात्र ‘आज लवकर कशी लागली?’ हा प्रश्न ठरलेला. सून संध्याकाळी तोच भाग मागे जाऊन बघते, म्हणजे जेवताना दोघींना बोलायला विषय मिळतो.

हक्कांच्या करारांमुळे ही घडीही मोडत राहते. हॉटस्टार अमेरिकेत २०१७ मध्ये आलं आणि २०२२च्या अखेरीस बंद झालं. त्यावरचा बराच माल हुलूकडे गेला. कंपनीच्या दृष्टीनं एका खिशातून दुसऱ्या खिशात. आईच्या दृष्टीनं अ‍ॅप नवं, पासवर्ड नवा, रंग नवे, कशीबशी पाठ झालेली वाट पुन्हा उखडलेली. ‘एकदाच पैसे भरा, सगळी चॅनेलं बघा’ म्हणणारे चोरटे बॉक्स भारतीय घरांत खपले त्याचं कारण निव्वळ फुकटेपणा नव्हतं, असं मला वाटतं. सगळं एका जागी, एकाच यादीत, नंबर लावून मिळत होतं. ते घेऊ नका, एक दिवस अचानक बंद पडतात आणि तक्रार करायला कुणी नसतं. पण ते लोकांना का आवडले, हे मोठ्या कंपन्यांनी नीट अभ्यासायला हवं होतं.

थोडं अभ्यासलंही असावं. नेटफ्लिक्सनं २०२१ मध्ये ‘काहीतरी लाव’ अशा अर्थाचं एक बटण आणलं आणि पुढे काढून टाकलं. माझा तर्क असा की तिथे जे लागायचं ते तुमच्यापुरतंच लागायचं. ‘लागलंय’मध्ये हेच इतर अनेकांनाही आत्ता लागलेलं आहे, हा भाग असतोच. याउलट प्लूटो टीव्हीसारख्या सेवा फुकट, जाहिरातींसकट, एकापाठोपाठ एक कार्यक्रम चालू असलेली चॅनेलं दाखवतात, आणि व्हायाकॉमनं २०१९ मध्ये ती ३४ कोटी डॉलरला विकत घेतली. केबल मोडून जे उभं केलं त्यात केबलच पुन्हा मागच्या दारानं आत आली.

तुमचे आई-बाबा येणार असतील तर बॉक्स बदलण्याआधी एक शनिवार सकाळ द्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी नावाची गोष्ट शोधा. सॅमसंग तिला एनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. एचडीएमआयच्या केबलमधल्या एका जादा तारेवरून टीव्ही आणि बॉक्स एकमेकांना ‘चालू हो’, ‘बंद हो’, ‘आता माझं चित्र दाखव’ असं सांगतात. ती चालू केली की बॉक्सच्या रिमोटनं टीव्हीही चालू होतो, आवाज बहुधा त्यावरूनच कमी-जास्त होतो, आणि दुसरा रिमोट खणात टाकता येतो. ‘नो सिग्नल’चे बरेचसे फोन तिथेच थांबतात. मग त्यांचं अ‍ॅप पहिल्या रांगेत पहिलं आणा, आपोआप सुरू होणाऱ्या जाहिरातवजा झलका बंद करा, त्यांच्या मालिका आवडीच्या यादीत घालून ठेवा म्हणजे टाइप करायला नको. शक्य असेल तर एखादी चालू चॅनेलं दाखवणारी सेवा सहा महिन्यांपुरती घ्या. कागदावर वाट लिहून देणार असाल तर रंग आणि चित्रं लिहा, ‘निळा चौकोन, मग खाली दोनदा’, कारण इंग्रजी नावं अपडेटमध्ये बदलतात. आणि माहिती टिपण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढून घ्या, ती बहुधा तुम्हीच पहिल्या दिवशी घाईत दिलेली असते.

यात आणखी एका प्रेक्षकाची सोय होते, त्याला कुणी विचारलेलं नसलं तरी. साडेतीनला शाळेतून आलेला नातू गृहपाठ करताना मालिकेतली भांडणं ऐकत असतो. मराठी मालिका बघ म्हटलं तर तो बघणार नाही, त्याच्या प्रोफाइलवर ती कधी दिसणारही नाही. पण ती आधीच लागलेली असते, आजी शेजारी असते, आणि मधूनच तो मान वर न करता विचारतो, “आजी, ‘कारस्थान’ म्हणजे काय?”