मणक्याचा दाहक संधिवात : उपचारांची दिशा



कुणाची कंबर दुखू लागली की "विश्रांती घ्या" असे आपण सहज सांगतो. मात्र एका विकारात हा सल्ला उलटा पडतो. तो विकार म्हणजे मणक्याचा दाहक संधिवात, अर्थात अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. बहुधा वयाच्या ४५ वर्षांच्या आत, ऐन तारुण्यात तो सुरू होतो. ३ महिन्यांहून अधिक टिकलेली कंबरदुखी, उत्तररात्री वेदनेने येणारी जाग, सकाळी अर्धा तास वा अधिक राहणारा ताठरपणा आणि पडून राहिल्याने वाढून हालचालीने कमी होणारे दुखणे, ही त्याची लक्षणे होत. दुर्लक्ष झाल्यास मणके एकमेकांस जुळू शकतात आणि जुळलेले मणके औषधाने मोकळे होत नाहीत. म्हणून संधिवाततज्ज्ञांकडे वेळीच जावे. एक्स-रे निर्दोष असला तरी एमआरआयमध्ये दाह दिसू शकतो.

उपचारांचा पाया म्हणजे नित्य व्यायाम. पाठ ताणणे, दीर्घ श्वसन, पोहणे हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून आयुष्यभर चालू ठेवावे. त्याच्या जोडीला नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब यांसारख्या दाहशामक गोळ्या दिल्या जातात. जठर, मूत्रपिंड व हृदय यांस त्यांचा अपाय होऊ शकतो, म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

अशा दोन औषधांनीही पुरेसा गुण न आल्यास जैविक औषधांचा विचार होतो. अॅडालिमुमॅबसारखी टीएनएफ-प्रतिबंधक किंवा सेक्युकिनुमॅबसारखी आयएल-१७-प्रतिबंधक इंजेक्शने दाहाच्या मुळाशी असलेल्या प्रथिनांना रोखतात. २०१४ साली अॅडालिमुमॅबची भारतीय समरूप आवृत्ती बाजारात आली. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या हाही पर्याय आहे. या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती मंदावते. म्हणून आरंभापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. सल्फासलाझिन हातापायांच्या सांध्यांस उपयोगी पडते, कण्यास नव्हे. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणेही योग्य मानले जात नाही. खुब्याचा सांधा फार झिजल्यास सांधाबदल शस्त्रक्रियेने पुन्हा चालता येते.

धूम्रपान सोडावे. डोळा लाल होऊन दुखू लागल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांस दाखवावे. केशकर्तनालयात मान मोडून घेणे कटाक्षाने टाळावे, कारण ताठ झालेला कणा ठिसूळ असतो.

आपल्या घरातील तरुण मुलगा वा मुलगी सकाळी वाकून उठत असेल, तर त्यास आळस समजू नये, ही आमची नम्र विनंती.

– सचिव, विश्वस्त मंडळाकरिता