देणं, दोष आणि फोनवरचा आवाज

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ऋण या कल्पनेचा विचार केला. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्माला येतो असं मानलंय: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मणानं त्यात चौथं जोडलं, माणसांचं. त्यावर एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली: ‘सर, हे ठीक, पण घरातली थकलेली देणी कशी फेडायची ते सांगा.’ प्रश्न रास्त आहे. आज तेवढाच विषय घेऊ.

उदाहरण कॉल सेंटरचं घेतो. कारण तिथं एक विचित्र गोष्ट घडते. समजा, एक मुलगी पुण्यात वसुलीच्या कॉलवर काम करते. दिवसभर ती लोकांना सांगते, ‘आपला हप्ता थकलाय, कधी भरताय?’ आणि तिचा स्वतःचा मोबाईल बाहेर लॉकरमध्ये असतो, त्यावर तिच्या कार्डाच्या वसुलीचे कॉल येऊन गेलेले असतात. एकच माणूस तारेच्या दोन्ही टोकांना!

आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली ‘द मॅनेज्ड हार्ट’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दोन नोकऱ्यांचा अभ्यास केला: विमानातल्या सेविका आणि थकबाकी वसूल करणारे. पहिल्यांनी गिऱ्हाईकाला मोठं वाटायला लावायचं, दुसऱ्यांनी लहान. म्हणजे बघा, समोरच्याला लहान वाटायला लावणं हा त्या कामाचाच भाग असतो. तो वैयक्तिक राग नसतो. आमच्या या मुलीला हे पक्कं ठाऊक असतं. पण स्वतःला फोन आला की तीही लहान होते. असं का होतं?

जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे अपराध आणि ‘शुल्डेन’ म्हणजे कर्ज. नीत्शेनं १८८७ साली यावरच बोट ठेवलं: अपराधाची भावना देण्या-घेण्याच्या व्यवहारातून उगवली, असं त्याचं म्हणणं. ते पूर्ण मान्य करायची गरज नाही. पण आपल्याकडेही ‘तोंड दाखवायला जागा नाही’ हे आपण चोरी करणाऱ्याबद्दल म्हणतो तसंच हप्ता थकलेल्याबद्दलही म्हणतो. देणं आणि दोष या दोन गोष्टी आपण एक करून टाकल्यात. याचा व्यवहारात फार मोठा तोटा होतो, बरं का. ज्याला अपराधी वाटतं, तो जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो त्याला आधी पैसे देतो. आणि मोठ्यानं ओरडणारा सगळ्यात निकडीचा असतोच असं नाही.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात म्हातारा केफालस म्हणतो, न्याय म्हणजे खरं बोलणं आणि घेतलेलं परत करणं. सॉक्रेटिस विचारतो: मित्रानं शस्त्र ठेवायला दिलं, मग त्याला वेड लागलं, आता तो मागतोय, द्यायचं का? मुद्दा असा की ‘परत करा’ हे बरोबरच, पण कुणाला, केव्हा, कोणत्या क्रमानं, याला विचार लागतो. क्रम लावणं हा फसवण्याचा प्रकार नव्हे. तोच प्रामाणिकपणा.

आता क्रम लावू. समजा तिचा हातात येणारा पगार २८,००० रुपये. भाडं, किराणा, औषधं, प्रवास, चालू बिलं मिळून १८,५००. उरले ९,५००. देणी अशी: कार्डाचे ६०,०००, स्कूटरचा दरमहा हप्ता २,८००, वाण्याची उधारी ४,२०० आणि विजेची थकबाकी २,१००.

पहिली वीज. वीज कायदा २००३, कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन जोडणी तोडता येते. बिलाचा फोन रोज येत नाही, म्हणून ते मागं राहतं; पण अंधार एकदाच येतो आणि पुरेसा असतो. दुसरी स्कूटर. ती तारण आहे, आणि तिच्याशिवाय कामावर वेळेत पोचता येत नाही. शिवाय हप्ता खात्यातून वटला नाही तर बहुधा दोन दंड बसतात, एक कर्ज देणाऱ्याचा, एक बँकेचा.

तिसरं कार्ड. इथं गणित नीट बघा. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं, तर ६०,००० वर २,१०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. झाले २,४७८. आता ‘किमान देय रक्कम’ पाच टक्के धरली तर ३,०००. तिनं ३,००० भरले, तर मुद्दल कमी झालं फक्त ५२२ रुपये! ‘किमान’ हा शब्द बँकेच्या सोयीचा आहे, तुमच्या नव्हे.

वाणी व्याज घेत नाही, म्हणून गणिताप्रमाणे तो शेवटी. पण त्याला रोज तोंड द्यायचं असतं. त्याला दरमहा ७०० ठरवून द्या, सहा महिन्यांत तो मोकळा. मग कार्डाला राहतात ६,०००; पहिल्या महिन्यात विजेपायी ३,९००. सातव्या महिन्यापासून वाण्याचे ७०० कार्डाकडे वळवा. कार्ड पुन्हा वापरलं नाही, तर साधारण तेरा महिन्यांत ते संपतं. इन्सेन्टिव्ह मिळाला तर तो मुद्दलात घाला. त्यावर घर चालवायचं गणित मांडू नका, कारण तो दर महिन्याला हमखास येत नाही. आणि बँकेला विचारा, थकबाकीचे कमी व्याजाचे हप्ते करून देता का. हे विचारायला लाज कसली?

आता फोनबद्दल. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचे कॉल सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, धमकवायचं नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही. गंमत अशी की हा नियम दिवसा जागणाऱ्यांसाठी आहे. परदेशी प्रोसेसवर रात्रपाळी करणाऱ्या मुलीची झोप नेमकी आठ ते सातमध्येच असते. म्हणून तिनं ईमेलनं लेखी कळवावं: माझी पाळी अशी, मी बोलेन या वेळेला, दरमहा भरीन इतके. लेखी शब्दाला आवाज नसतो, आणि पुरावा असतो. तक्रारीला बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर समाधानकारक नसलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.

कुणी म्हणेल, सर, तुम्ही कर्जदाराची बाजू घेताय. तसं नाही, मुद्दल तर द्यायचंच आहे. पण मर्यादा दोन्हीकडून असते हे आपल्या परंपरेला माहीत होतं. दामदुप्पटीचा नियम आठवा: एका वेळी मागायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. आजच्या कार्डांची गोष्ट निराळी. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली तीस टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. म्हणजे वरची मर्यादा आता बाहेरून येणार नाही, ती आपल्या वहीतच आखावी लागेल.

आणि शेवटचं. ही मुलगी उद्या पुन्हा हेडसेट लावून कुणाला तरी फोन करणार आहे. तिला दिलेले शब्द तिला बदलता येत नाहीत, पण पलीकडच्या माणसाला हप्त्याची तारीख विचारताना त्याला चोर न समजणं तिच्या हातात आहे. आणि तेच तिनं स्वतःशीही करावं. देणं आकड्यात असतं, म्हणून ते फेडता येतं. अपराधाला आकडा नसतो. तो कितीही हप्ते भरले तरी संपत नाही. म्हणून आज घरी गेल्यावर एक कागद घ्या, देणी लिहा, प्रत्येकापुढे व्याज लिहा आणि क्रम लावा. फोन वाजला तर तो कागद समोर ठेवूनच उचला.

प्रश्न असतील तर विचारा.