शुक्रवारचा गणपती

७ जानेवारी २०२२ ला शुक्रवार होता आणि संयुक्त अरब अमिरातीतल्या सरकारी कचेऱ्या सकाळी उघडल्या. महिनाभर आधी घोषणा झाली होती: यापुढे सुट्टी शनिवार-रविवार, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत काम, जुम्म्याचा खुतबा सव्वा वाजता. जगाच्या बाजारांशी जुळवून घ्यायचं तर हे कधी ना कधी होणारच होतं. बँकांना बरं वाटलं, शाळांनी वेळापत्रकं बदलली, बऱ्याच खासगी कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. मुंबईच्या ऑफिसशी रोजचा व्यवहार असणाऱ्यांची तर सोयच झाली. गैरसोय झाली ती दुबईच्या करामा भागात एका खोलीत चौघं राहणाऱ्या मराठी पोरांची, आणि ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

त्यांचे सगळे सण शुक्रवारी असत. पंचांगात चतुर्थी सोमवारी असो की बुधवारी, हॉलमधली मोठी आरती शुक्रवारी. कोजागरी पौर्णिमेनंतर येणाऱ्या शुक्रवारी. चंद्र दोन-तीन दिवस झिजलेला असला तरी दूध तेवढंच आटवलेलं. हळदीकुंकू शुक्रवारी, दिवाळी पहाट शुक्रवारी, नाटक शुक्रवारी, सहल तर शुक्रवारीच. पंचांग दात्यांचं आणि वार अरबांचा, ही तडजोड कित्येक वर्षं बिनबोभाट चालली.

तिची सुरुवात शोधायला गेलं की गाडी सत्तर-ऐंशीच्या दशकात जाऊन रुतते. तिथे फार थांबू नये. त्या काळाबद्दल बोलणारे दर कार्यक्रमात व्यासपीठावर असतातच. ‘आम्ही आलो तेव्हा इथे नुसती वाळू होती’ इथून सुरू होतात, पाऊण तासानं संपवतात, आणि तोवर मागच्या रांगेतल्या पोरांचं जेवण निवून जातं. त्यातलं कामाचं एवढंच, की बर दुबईत खाडीकाठी १९५८ पासून देऊळ होतं आणि १९८४ मध्ये महादेव दातारांनी दुबईत एक लहानसं किराणा दुकान काढलं. त्यांचे चिरंजीव धनंजय दातार यांनी पुढे ‘अल अदील’ नावानं त्याची साखळी उभी केली. देव आणि मेतकूट दोन्ही हाताशी आल्यावर मराठी माणूस बस्तान बसवणारच.

नव्वदच्या दशकातला एक शुक्रवार मात्र टाळून पुढे जाता येत नाही. २४ एप्रिल १९९८, शारजा. अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया, सचिन तेंडुलकरचा पंचविसावा वाढदिवस आणि त्याच्या १३४ धावा. दोनच दिवस आधी वाळूच्या वादळानं सामना थांबवला होता आणि त्यानं १४३ काढल्या होत्या. शारजाचे मोठे सामने शुक्रवारी ठेवण्याचा शिरस्ताच होता. जावेद मियांदादनं चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तो १८ एप्रिल १९८६ हाही शुक्रवारच. २००१ मध्ये भारत सरकारनं शारजाला संघ पाठवणं थांबवलं आणि शुक्रवारचं एक मोठं निमित्त गेलं. पण ती पिढी तोवर व्यासपीठाच्या वयाला आली होती.

खरी गंमत २००६ नंतरची. त्या सप्टेंबरात सरकारी सुट्टी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली. खासगी कंपन्यांत मात्र सहा दिवसांचा आठवडा सर्रास असे. शनिवार साहेबांचा, शुक्रवार सगळ्यांचा. बुर्ज वर चढत होता, मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहत होते, आणि नाशिकचे क्वांटिटी सर्व्हेयर, डोंबिवलीचे साइट इंजिनियर, नागपूरहून थेट शारजात उतरणारे अकाउंटंट असे पंचविशीतले तरुण लाटेनं येत होते. दिरहम तेव्हा अकरा रुपयांच्या आसपास होता, आता त्याच्या दुपटीच्याही वर गेला आहे. म्हणजे घरी पाठवलेले पैसे आजच्या निम्मेही दिसत नसत. तरी पोरं खुशीत होती.

अशा एकट्या राहणाऱ्या पोराला इथल्या बोलीत नाव ‘बॅचलर’. लग्न झालेलं असलं तरी बायको गावी असेल तर बॅचलरच. कुटुंब आणायला किमान चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि वर राहण्याची सोय, अशी अट होती. ती पुरी झाली तरी घरभाडं झेपत नसे. म्हणून बेड-स्पेस. खोलीत चार पलंग, हॉलमध्ये पडदा लावून आणखी दोन. ग्लोबल व्हिलेजची जत्रा सोमवारी फक्त कुटुंबांसाठी आणि बायकांसाठी. चांगल्या इमारतींच्या जाहिरातीत ‘ओन्ली फॅमिली’. उरलासुरला मान राखायला ‘एक्झिक्युटिव्ह बॅचलर’ अशी एक जातही जाहिरातदारांनी काढली होती. एवढं सगळं असून ज्या दिवशी शहर त्याला आपलं म्हणायचं, तो शुक्रवार.

गणपतीतला एक शुक्रवार असा असे. मेट्रो ९ सप्टेंबर २००९ ला सुरू झाली खरी, पण शुक्रवारी ती दुपारनंतरच धावायची, त्यामुळे सकाळच्या आरतीला बस नाहीतर चौघांत एक टॅक्सी. मूर्ती मीना बाझारातून आणलेली, वीतभर. आदल्या रात्री मोदकांचा घाट घातलेला. नारळ लुलू सुपरमार्केटमधला, खवून गोठवलेला, पाकीट गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून मोकळा करायचा. तांदळाची पिठी हवी तशी मिळायचीच असं नाही. उकड चिकट झाली की कोकणातला एकजण फोनवर आईला विचारी आणि उरलेले पाच त्याला ओरडत, कारण भारतातला कॉल मिनिटाच्या हिशेबानं महाग. साचा नसल्यानं कळ्या हातानं. निम्मे मोदक इडलीपात्रात फुटत. फुटलेले आपल्याला, धड असलेले देवाला आणि पलीकडच्या खोलीतल्या मल्याळी मंडळींना. विसर्जन बादलीत. शाडू विरघळायला दोन दिवस लागत, तोवर आंघोळीला दुसरी बादली उसनी आणावी लागे. मग ते पाणी नातूरला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, विचारून खालच्या कुंड्यांत. नातूर पेशावरचा असो की चितगावचा, पुढच्या वर्षी तोच आधी विचारायचा, ‘पानी वाला भगवान कब आएगा?’

गुढीची तऱ्हा निराळी. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांवरही दुबई नगरपालिकेचा डोळा, तिथे काठीवर उपडा तांब्या आणि साडी बाहेर कोण काढणार? गुढी बाल्कनीच्या आत, दारामागे, वॉशिंग मशीनला बांधलेली.

चांद्र महिन्यांनी त्या वर्षांत एक मौज केली. हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतं, आपलं अधिक मासानं सावरून धरलेलं असतं. त्यामुळे दोन्ही कधी तरी एकमेकांसमोर येतातच. २००९ मध्ये रमजान २२ ऑगस्टला लागला आणि २३ ला गणेश चतुर्थी. दिवसा उघड्यावर खायची सोय नव्हती, म्हणून ऑफिसात नेलेले मोदक डब्यात झाकून, संध्याकाळी इफ्तारच्या खजुरांबरोबर फुटले. २०१० मध्ये ईद शुक्रवारी, १० सप्टेंबरला, आणि दुसऱ्याच दिवशी चतुर्थी. २०११ मध्ये ईद मंगळवारी, चतुर्थी गुरुवारी. सुट्टी अल्लाची, पूजा गणपतीची! दोन वर्षं लागोपाठ असा योग आला, आणि इथल्या जुन्या बॅचलरांना आजही विचारलं तर ते २०१० चाच गणपती सांगतात.

मात्र २००९ चा गणपती काढला की आवाज खाली येतो. वर्षभर आधी मंदी आली होती, साइट बंद पडत होत्या, क्रेन नुसत्या उभ्या होत्या. नोव्हेंबरात दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीनं कर्जफेड पुढे ढकलण्याची विनंती केली तेव्हा जगाला बातमी कळली. करामाच्या फ्लॅटांना ती आधीच कळली होती. तेव्हा नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि तीस दिवसांत देश सोडायचा. सहांतले दोघं-तिघं त्या मोसमात गेले. पलंग विकले, तांदळाचा डबा, इडलीपात्र आणि झांजा पुढच्याच्या हवाली केल्या. कुठल्याही मंडळाच्या स्मरणिकेत या मुलांचा उल्लेख सापडत नाही. तिथे प्रायोजकांचे रंगीत फोटो असतात.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, दुसरं विश्व मराठी साहित्य संमेलन दुबईत भरलं. अध्यक्ष मंगेश पाडगावकर. परदेशात संमेलनं हवीत कशाला, यावर महाराष्ट्रात शाईचा सडा पडला. करामातल्या पोरांना त्या वादात काडीचा रस नव्हता. शाळेत पाठ केलेला कवी आपल्या गल्लीपासून टॅक्सीच्या अंतरावर आला, एवढंच त्यांना पुरेसं होतं. वाद घालणाऱ्यांनी त्यांना विचारायला हवं होतं.

सहलींतही आनंद असाच थोडक्यात मिळायचा. कुणाला तरी गाडी चालवायचा परवाना मिळालेला असे, तीन-चार परीक्षा नापास होऊन. मग भाड्याची गाडी, पहाटे पाचला प्रयाण, पूर्व किनाऱ्यावर खोरफक्कान. वाटेत मसाफीचा ‘फ्रायडे मार्केट’: रस्त्याच्या दोन्ही अंगांना गालिचे, मातीची भांडी, आंब्याच्या पेट्या, भाजलेली कणसं. सातही दिवस उघडा असणारा शुक्रवारचा बाजार! पुढे शेख खलिफा महामार्ग झाला आणि २०१९ मध्ये शारजाहून खोरफक्कानला बोगद्यांचा नवा रस्ता आला. डोंगर आता पाऊण तासात संपतो आणि कणसं कुणी खात नाही. दुपारी किनाऱ्यावर खुबूस, लोणचं, कालची वांग्याची भाजी, संध्याकाळी कॅफेटेरियासमोर गाडीतूनच हॉर्न मारून मागवलेला एक दिरहमचा करक चहा. सगळी चैन मिळून माणशी चाळीस-पन्नास दिरहमात.

नंतरची वर्षं भराभर उलटावीत. २०१५ मध्ये दुबईत परवान्याशिवाय देणग्या गोळा करायला कायद्यानं मनाई झाली. कायदा योग्यच होता, निधीच्या नावाखाली काय काय चालतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण वर्गणीविना गणेशोत्सव ही मराठी माणसाला न सुचणारी गोष्ट, आणि वर्गणीची जागा तिकिटानं घेतली. २०१६ मध्ये नवा कालवा सफा पार्कातून गेला आणि सहलीच्या हिरवळीचा मोठा लचका तुटला. २०१८ पासून पाच टक्के व्हॅट. मुंबईहून मालिकेतले चेहरे आणायची चढाओढ त्याच सुमारास वाढली. ज्यांना झांज वाजवता येत होती, त्यांना खुर्चीवर बसून मोबाइल वर धरायचं काम उरलं. २०२० मध्ये अख्खं आयपीएल इथे झालं, १० नोव्हेंबरला दुबईत मुंबई इंडियन्सनं करंडक जिंकला, आणि गॅलरी कोविडमुळे रिकामी. अर्ध्या तासावर राहणाऱ्यांनी तो विजय टीव्हीवर पाहिला.

मग आलं २०२२. ऑक्टोबरात जेबेल अलीला नवं देखणं मंदिर खुलं झालं. सुरुवातीला तिथे दर्शनालाही वेळ नोंदवावी लागे. जानेवारी २०२४ मध्ये बर दुबईचं जुनं शिवमंदिरही तिकडे हललं. करामाहून संध्याकाळी चालत जाऊन परतीच्या वाटेवर भेळ खायची, हा कार्यक्रम तीसेक किलोमीटर लांब गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अबू धाबीत बीएपीएसचं मंदिर उघडलं: सात अमिरातींची सात शिखरं, राजस्थानचा गुलाबी दगड. बघण्यासारखं आहे, यात वादच नाही. गाडी असली तर.

पण घाव घातला तो मंदिरांनी नाही, कामगार कायद्यानं. १९८० च्या जुन्या कायद्यात शुक्रवार हा साप्ताहिक सुट्टीचा दिवस म्हणून नोंदवलेला होता. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात आठवड्याला किमान एक सुट्टी आहे, वार मालकानं ठरवायचा. त्यामुळे आता बँकेतल्याला शनिवार-रविवार, साइटवरच्याला रविवार, दुकानातल्याला मंगळवार, हॉटेलातल्याला येईल तो. सोनापूरच्या कामगार वस्तीतला फिटर आणि मरीनातला मॅनेजर एकाच आरतीला उभे राहायचे ते वार एक होता म्हणून. मंडळांनी कार्यक्रम शनिवारी संध्याकाळवर नेले. मॅनेजर येतो. फिटर कामावर असतो.

मंडळवाल्यांना यावर उत्तर विचारलं की ते ‘आता सगळं लाइव्ह दाखवतो ना’ म्हणतात. लाइव्ह काय, डोंबिवलीचा गणपतीही दिसतो. त्यासाठी दुबईत राहायला नको. शुक्रवारी अर्धा दिवस अजून बऱ्याच जणांना मोकळा असतो, शारजात तर सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी सलग सुट्टी आहे. गणेशोत्सवातली एक आरती शुक्रवारी रात्री नऊनंतर ठेवा, म्हणजे पाळी सुटलेलाही येईल. तिकीट नको, तारांकित पाहुणा नको, भाषण तर नकोच. परवानगी काढावी लागेल. ती आत्ताच मागा, चतुर्थीच्या आठवड्यात मागून मिळत नाही.