पानामागची कीड आणि कपाटातले जुने भिंग



मिरचीची पाने आखडली, की ‘बोकड्या आला’ म्हणत आपण पंप पाठीला लावतो. पण बोकड्या हे काही एका रोगाचे नाव नव्हे. पान कडांनी वर वळून होडीसारखे झाले, तर ते बहुधा फुलकिड्यांचे काम. पान खाली वळून उपड्या होडीसारखे झाले आणि देठ लांबला, तर कोळ्यांचे. पांढरी माशी विषाणू पसरवते, तेव्हाही पाने चुरगळतात. कधी तिन्ही एकाच वाफ्यात असतात, आणि तिथेच आपली फसगत होते.

फुलकिड्याला पाय सहा, कोळ्याला आठ. हा फरक पायांपुरता नाही. कोळी हा कीटकच नसल्यामुळे फुलकिड्यांवरची पुष्कळशी औषधे त्याला लागू पडत नाहीत. त्याला गंधकासारखे कोळीनाशक लागते. उलट काही कीटकनाशकांनी कोळ्यांना खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी अधिकच फोफावतात. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली, तोडाही गेला! फुलकिडा सुमारे १ मिलिमीटरचा आणि मिरचीवरचा कोळी त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना तो दिसावा कसा?

आपण म्हणाल, यासाठी महागडा कॅमेरा कुठून आणायचा? आणूच नका. घरात मोबाईल आहे ना? सोनार वा घड्याळजी वापरतो तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग शे-दोनशे रुपयांत मिळते. ते मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याला अगदी चिकटवून धरा आणि पान भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर ठेवा. त्याहून दूर वा जवळ गेलात, की सारे धूसर. काही मोबाईलवर ‘मॅक्रो’ म्हणून वेगळा कॅमेरा असतो, तो बहुतेक वेळा नावालाच असतो.

याहून चांगली युक्ती जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगाची. फिल्मच्या काळातले ५० मिलिमीटरचे भिंग एखाद्या पाहुण्याच्या कपाटात किंवा गावच्या फोटो स्टुडिओत धूळ खात पडलेले असते. ते उलटे करा, म्हणजे पुढची मोठी काच मोबाईलकडे आणि कॅमेऱ्यात बसणारी बाजू पानाकडे. पूर्वी हे भिंग मागच्या फिल्मवर चित्र पाडीत असे. आता फिल्मच्या जागी पान आले. म्हणून ते भिंगाच्या त्या कडेपासून साधारण साडेचार सेंटिमीटरवर ठेवले, की स्पष्ट दिसते. भिंगावरची छिद्र लहान-मोठे करणारी कडी पूर्ण उघडी ठेवा. चित्राभोवती काळे वर्तुळ आले, तर थोडे झूम करा.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या पुतण्याकडे मोठा कॅमेरा असेल, तर त्यालाही भिंग उलटे बसवण्याची कडी मिळते. मात्र कॅमेऱ्याचे तोंड शेतातल्या धुळीत उघडायचे नाही, एवढे त्याला बजावा.

खरी अडचण हाताच्या थरथरीची असते. वाऱ्यात, उभ्या झाडावर हा उद्योग करू नये. सकाळी शेंड्याची कोवळी पाने खुडून ओसरीत आणा. सारख्या उंचीच्या दोन डब्यांवर मोबाईल आडवा टेका, खाली पान पालथे ठेवा आणि पानाखाली वहीची पाने सारून उंची जुळवा. उजेड एका बाजूने येऊ द्या. दहा-बारा फोटो काढले, की एखादा साधतोच. हे काम शाळकरी पोरांना द्या. त्यांचे हात स्थिर आणि डोळे धड असतात.

शेंडा काळ्या कागदावर झटकून पाहिला, तरी फिकट किडे उठून दिसतात. फुलकिडा लांबट, काडीसारखा दिसेल. कोळी मात्र काचेच्या ठिपक्यासारखा दिसतो. तो चालतो की नाही, हे पाहायला फोटोऐवजी चित्रफीत घ्या.

कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाला नुसता किड्याचा फोटो पाठवून भागत नाही. पूर्ण झाड, आखडलेला शेंडा आणि पानाची मागची बाजू असे तीन फोटो हवेत. तिसऱ्या फोटोत शाळेच्या पट्टीची कड येऊ द्या, म्हणजे आकार कळतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे पुसले जातात. सोबत लागवडीची तारीख आणि आधी कोणते औषध किती मारले, तेही लिहा. उत्तर येईपर्यंत पंप खुंटीलाच राहू द्या.