खेळाचा डबा आणि अडलेली मोटार

शहरात पाहुण्यांकडे तुम्ही एक खेळ पाहिला असेल. टीव्हीला एक डबा जोडलेला असतो. पोरगा हातातली बटणे दाबतो आणि पडद्यावरचा गडी धावतो. या डब्याला कन्सोल म्हणतात.

डब्याचे सारे डोके चिपमध्ये असते. चिप म्हणजे सिलिकॉनचा पातळ तुकडा. टपालाच्या तिकिटाएवढा. सिलिकॉन निघते वाळूतून! मोबाइलमध्ये चिप असते, मोटारीतही असते. मात्र ती झटपट होत नाही. थरावर थर चढवून एक चिप तयार व्हायला तीन महिने तरी लागतात. नवा कारखाना उभारायचा तर काही वर्षे जातात.

२०२० साली करोना आला. लोक घरात बसले. खेळांना मागणी वाढली. नोव्हेंबरात सोनीने प्लेस्टेशन ५ आणला, मायक्रोसॉफ्टने नवा एक्सबॉक्स आणला. दोघांची मुख्य चिप तैवानच्या एकाच कंपनीत, टीएसएमसीत, तयार होते. सोनीचे ४५ लाख डबे वर्षअखेरपर्यंत खपले. तरी पुष्कळ लोक रिकाम्या हाताने परतले.

मोटारवाल्यांचे काय झाले? गिरणीत नंबर लावलेले दळण आपण उचलून घरी नेले, तर पुन्हा आल्यावर रांगेत शेवटीच उभे राहावे लागते. तसेच झाले. गाड्या खपणार नाहीत म्हणून त्यांनी चिपांची मागणी रद्द केली होती. गाड्या पुन्हा खपू लागल्या, तेव्हा त्यांचा नंबर गेलेला होता. आपल्याकडे मारुती आणि महिंद्र यांनाही सप्टेंबर २०२१ मध्ये गाड्या कमी काढाव्या लागल्या.

सगळा दोष खेळावर घालणे बरे नव्हे. मोबाइल आणि लॅपटॉपही तेव्हा भराभर खपत होते. शिवाय मोटारीच्या बहुतेक चिपा जुन्या जातीच्या, खेळाची मुख्य चिप नव्या जातीची. पण डब्यात जुन्या जातीच्या लहान चिपाही लागतात. म्हणून ओढाताण दोन्हीकडे झाली.

आणि पाणी! चिप शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी लागते. २०२० साली तैवानवर एकही वादळ धडकले नाही, पाऊस कमी पडला, धरणे आटली. २०२१ मध्ये कारखान्यांनी टँकर लावले. सरकारने सुमारे ७४ हजार हेक्टर शेतीचे पाणी बंद केले. शेतकऱ्यांना भरपाई दिली, पण त्या हंगामात तिथे भात लागला नाही.